जुन्या गाडीचं तडकलेलं पॅनल घरी कसं जोडायचं, आणि कधी सरळ बदलून टाकायचं

मोटरसायकलचं साइड पॅनल, म्हणजे सीटखालचं बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण, एका दिवसात तुटत नाही. आधी त्याच्या आतल्या खुंटीवरचं (ही खुंटी गाडीच्या भोकात बसून पॅनल धरते) रबर वाळून पडून जाते, मग पॅनल सैल होऊन खडखड वाजायला लागते, आपण दोन-चार महिने तो आवाज ऐकत वावरात जातो-येतो, आणि मग एखाद्या दिवशी पांधणीच्या खाचेत चाक आदळते आणि खुंटीजवळ केसासारखी बारीक रेघ दिसते. ती रेघ पुढं किती दिवसांत दुसऱ्या टोकाला पोचेल ते तुमच्या रस्त्यावर आहे, आमच्या यवतमाळकडच्या काळ्या मातीच्या पांधणीनं एका सोयाबीनच्या हंगामात पोचते. म्हणून गाडीचं काम नव्यानं शिकणाऱ्या पोट्ट्यांना मी पहिले हेच सांगतो, तडा बुजवायच्या आधी तो काहून पडला ते शोधा. रबर नसेल तर हजार रुपयांचं नवं पॅनलही तिथंच फुटणार.

बाबांची २००५ सालची स्प्लेंडर आता माझ्याकडे आहे. तिचं डावं पॅनल मी पहिल्यांदा ट्यूबमधल्या झटपट गोंदानं वरूनच चिकटवलं, पंधरा दिवसात उकललं, परत चिकटवलं, असं तीनदा झालं. चौथ्या वेळी बाजाराच्या दिवशी रस्त्यातच पॅनल गळून पडलं आणि मागून ट्रॅक्टर येत होता. त्या दिवशी तुकडे गोळा करून घरी आणले, उलटे करून नीट पाहिले तर तिन्ही खुंट्यांपैकी एकीवरही रबर नव्हतं. म्हणजे इतके दिवस मी भलत्याच जागी औषध लावत होतो. तेच तुकडे मी नंतर आतून जोडले आणि ते पॅनल आजही गाडीवर आहे.

सामान काय लागते ते आधी. ४० ते ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न, म्हणजे वायरी डाग द्यायची विजेवर तापणारी दांडी (२५ वॉटचं पण चालते पण हात दुखून येतो, काम हळू होते), बारीक ड्रिल बिट, १८०, ४००, ८०० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, जुना टूथब्रश, भांडे घासायचा साबण, आणि स्टीलची जुनी चहागाळणी. हो, चहागाळणीच, तिची जाळी पुढं कामाला येते. नाकाला मास्क किंवा निदान दुपट्टा बांधा आणि काम अंगणात करा, वारा पाठीकडून यायला पाहिजे, कारण प्लॅस्टिकचा धूर छातीत गेला की संध्याकाळपर्यंत डोकं दुखते. दुपट्ट्यानं वास थोडा कमी लागतो एवढंच, धूर अडत नाही, तेव्हा वाऱ्याची बाजू सांभाळणं जास्त महत्त्वाचं.

पॅनल काढताना

निम्मे पॅनल ॲक्सिडेंटमध्ये नाही, काढतानाच तुटतात. खुंटीवालं पॅनल कोपऱ्याला धरून ओढू नका, खुंटी कुठं आहे ते चाचपून तिच्या अगदी जवळ बोटं घाला आणि सरळ बाहेर ओढा, तिरपं ओढलं की खुंटी बुडापासून मोडते. आधी सगळे स्क्रू निघाले का ते दोनदा बघा, एखादा स्क्रू सीटखाली किंवा चिखलात दडलेला राहतो. डिसेंबरात सकाळी सकाळी हे काम नको, थंडीत प्लॅस्टिक कडक राहते, गाडी दहा-पंधरा मिनिटं उन्हात उभी करा मग काढा. रबर जाम असेल तर साबणाचं पाणी सोडा, ऑइल किंवा पेट्रोल सोडू नका, त्यानं रबर फुगते.

मागचं काऊल (सीटमागचं झाकण) किंवा हेडलाइटचा वायझर (हेडलाइटभोवतीचं झाकण) काढायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडा आणि इंडिकेटरच्या कनेक्टरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. निघालेले स्क्रू एका ताटलीत, ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं मांडा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की तो आतून पॅनल फोडतो, हे मी दुसऱ्याच्या गाडीवर झालेलं पाहिलं आहे.

मग पॅनल साबणानं दोन्ही बाजूनं धुवा, आतली माती टूथब्रशनं काढा, पूर्ण वाळू द्या. वाळलं की दोन्ही हातानं अगदी थोडं वाकवून पाहा. जिथं प्लॅस्टिक पांढुरकं पडते तिथं तडा येऊन राहिला आहे, डोळ्याला अजून दिसत नसला तरी. अशा सगळ्या जागा पेन्सिलीनं खुणा करून ठेवा.

कोणतं प्लॅस्टिक आहे ते ओळखा

हे पायरीचं काम लोक सोडून देतात आणि मग म्हणतात गोंद खराब होता. गाडीवर मुख्यतः दोन प्रकारचं प्लॅस्टिक राहते. एक एबीएस, ते कडक, रंग चांगला धरते, साइड पॅनल, वायझर, काऊल बहुतेक याचेच. दुसरं पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलीन, ते थोडं लवचिक, मेणचट हाताला लागते, काळे आतले मडगार्ड आणि कव्हर बऱ्याचदा याचे. पॅनल उलटं करून टॉर्च तिरपी मारली तर आतल्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरात नाव कोरलेलं सापडते, दोन बाणांच्या टोकांमधे.

अक्षरं नसतील किंवा घासून गेली असतील तर आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापा, रंग खरडून टाका आणि साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात सोडा. पीपी पाण्यापेक्षा हलकं, तरंगते. एबीएस थोडं जड, बुडते. साबण यासाठी की हवेचा बुडबुडा चिकटून एबीएसचा तुकडा उगाच तरंगायला नको. अजून खात्री पाहिजे तर आतल्या बाजूला ॲसिटोनचा (एबीएस विरघळवणारं, लगेच उडून जाणारं द्रावण) एक थेंब लावा, एबीएस असेल तर जागा चिकट होते, पीपीला काहीच होत नाही. फक्त हा थेंब इंडिकेटरच्या काचेवर किंवा हेडलाइटच्या प्लॅस्टिक काचेवर उडू देऊ नका, ती काच लगेच धुरकट होऊन चिरते आणि परत साफ होत नाही.

आता हे ओळखून फायदा काय? तर फेव्हिक्विकसारखा गोंद असो की दोन ट्यूबवालं अराल्डाइट, पीपीला कोणीच नीट धरत नाही, त्याला तापवून स्वतःच्याच प्लॅस्टिकनं जोडावं लागते. एबीएसला तिन्ही रस्ते मोकळे, गोंद, ॲसिटोन आणि तापवणं. आणि एबीएसला पीपीचा तुकडा वितळवून लावला तर थंड झाल्यावर नखानं सुटून येतो, दोघांची सोयरीक होतच नाही.

तडा थांबवा

तडा जिथं संपलेला दिसतो त्याच्या एक-दोन मिलिमीटर पुढं २ ते ३ मिलिमीटरचं गोल भोक पाडा. तड्याचं टोक सुईसारखं राहते, गाडीचा सगळा हादरा त्या एका टोकावर येऊन तडा पुढं सरकतो, गोल भोक पडलं की तो जोर चहूकडं वाटला जातो आणि तडा तिथंच थांबते. ड्रिल नसेल तर खिळा चिमट्यात धरून तापवा आणि टोचा, काम तेच होते. हे भोक तड्याच्या टोकाच्या अलीकडे पडलं तर उपयोग शून्य, म्हणून पॅनल थोडं वाकवून खरं टोक कुठं आहे ते बघूनच पाडा.

मग बाहेरच्या बाजूनं दोन्ही कडा अगदी जुळवून मास्किंग टेप घट्ट लावा. बोट फिरवून बघा, पायरी लागायला नको. इथं घाई केली तर पुढं किती पण घासा, रेघ दिसतेच.

आतून जोडणं

पॅनल उलटं करून जुन्या गोधडीवर ठेवा. तापलेल्या आयर्नच्या टोकानं तड्यावर आधी दर दोन सेंटिमीटरला एक टाका मारा, शिवणकामात कच्चे टाके मारतात तसे, म्हणजे कडा हलत नाहीत. मग तड्यावरून पॅनलच्या निम्म्या जाडीपर्यंत खाच करत जा. पार होऊ देऊ नका.

आता चहागाळणीची जाळी. ती कात्रीनं कापून एक-दीड सेंटिमीटर रुंद पट्टी करा, तड्यावर ठेवा आणि वरून आयर्न टेकवा. दोन-तीन सेकंद थांबलं की जाळीच्या घरांमधून प्लॅस्टिक वर येताना दिसते, दाण्यादाण्यानं, ते दिसलं की आयर्न पुढं सरकवायचं, तोपर्यंत नाही. प्लॅस्टिक चकाकते आणि मऊ लोण्यासारखं हलते ती वेळ बरोबर. बुडबुडे यायला लागले, रंग पिवळा-तपकिरी झाला, धूर वाढला, म्हणजे जळून राहिलं, जळलेल्या प्लॅस्टिकला ताकद राहत नाही, आयर्न उचला आणि थंड होऊ द्या. सरकवल्यावर मागची जागा चमच्याच्या पाठीनं दाबून धरा, जाळी वर उचलून येत नाही. पूर्ण पट्टी बसली की त्यावर त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या बारीक कांड्या वितळवून जाळी झाकून टाका. गाळणी स्टीलची असली की आत गंज लागायची भीती नाही, लोखंडी जाळी मात्र पावसाळ्यात गंजते.

कांड्या कुठून आणायच्या? मेकॅनिककडं तुटलेल्या पॅनलचा ढीग राहते, मागितला तर एखादा तुकडा फुकट देतात, त्यावर अक्षरं वाचून आपल्या जातीचा घ्या आणि कात्रीनं दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. पीपीसाठी फुटलेल्या डब्या-बादलीवर त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पीपी, २ आकडा असेल तर ते वेगळं, घेऊ नका. आणि मोबाइलवर व्हिडिओत केबल टाय वितळवून पॅनल जोडताना दाखवतात ना, तो टाय नायलॉनचा राहते, एबीएस आणि पीपी दोघांशीही त्याचं जमत नाही, दिसायला छान दिसते आणि पहिल्या खड्ड्यात सुटते.

एबीएससाठी दुसरा रस्ता आहे, बारीक कामाला मला तोच जास्त आवडतो. काचेच्या छोट्या बाटलीत एबीएसचे बारीक तुकडे टाका, बुडतील एवढं ॲसिटोन ओता, झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी त्याचा मधासारखा घट्ट लगदा झालेला पाहिजे, पातळ असेल तर अजून तुकडे टाका. हे काडीनं तड्यात भरायचं, पातळ थर, वाळला की दुसरा, एकदम जाड थापलं तर वरून वाळते आणि आत मऊच राहते. शेवटच्या थरानंतर पूर्ण एक दिवस हात लावू नका. ॲसिटोन पेट्रोलसारखंच पेट घेते, चूल, बिडी, देवाजवळचा दिवा, काहीच जवळपास नको, आणि बाटली लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

गोंदाबद्दल एक गोष्ट आपल्या भागात मुद्दाम सांगावी लागते. फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद कापसावर सांडला तर तो एकदम तापतो, धूर निघतो, कातडी भाजते. आपल्या घरात कापूस कुठं नसतो? तर तो गोंद कापसाच्या बोळ्यानं पुसू नका, सुती हातमोजे घालून वापरू नका, आणि घरात वेचलेला कापूस पडला असेल तिथं तर काम मांडूच नका.

मोडलेली खुंटी

सगळ्यात जास्त हेच तुटते आणि यासाठीच लोक अख्खं पॅनल फेकून देतात. खुंटी सापडली तर उत्तम, एबीएस असेल तर बुड जुळवून ॲसिटोनच्या लगद्यानं चिकटवा, एक दिवस वाळू द्या, मग बुडाभोवती आयर्ननं त्याच प्लॅस्टिकची भिंत उभी करा, झाडाच्या बुडाला माती लावतो तशी उतरती. नुसत्या टोकाला टोक चिकटवलेली खुंटी दोनदा पॅनल काढलं की परत मोडते, ताकद त्या उतरत्या भिंतीत आहे.

खुंटी हरवली असेल तर खुंटीएवढ्याच जाडीचा बोल्ट घ्या, त्याचं डोकं चिमट्यात तापवून जुन्या खुंटीच्या जागी पॅनलच्या आतल्या बाजूला अर्धं रुतवा (पॅनल तिथं जाड असेल तरच, पातळ असेल तर आधी दोन थर चढवा), आणि वरून प्लॅस्टिक चढवून डोकं पूर्ण गाडा. बोल्टाची लांबी दुसऱ्या बाजूच्या पॅनलच्या खुंटीवरून मोजा. रबरात घुसताना आटे रबर फाडतात म्हणून बोल्टावर जुन्या व्हॉल्व ट्यूबचा किंवा पातळ पाइपचा तुकडा चढवा.

आणि रबरं. मेकॅनिकच्या दुकानात पाच-दहा रुपयाला एक मिळते, तिन्ही-चारही नवीनच टाका. जिथं स्क्रू आहे तिथं पॅनल आणि स्क्रूच्या मधे लोखंडी बुश (स्क्रूभोवतीची छोटी नळी) आहे का बघा, तो पडून गेला असेल तर स्क्रू आवळताना सगळा दाब प्लॅस्टिकवर येते आणि भोकापासूनच तडा सुरू होते. बुश मिळत नसेल तर रुंद वायसर आणि त्याखाली सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा.

घासणं आणि रंग

बाहेरची टेप काढा, रेघ राहिली असेल तर एबीएसला लगद्यानं भरा, वाळल्यावर १८० नं, मग ४०० नं पाणी लावून घासा. प्रायमरचे दोन पातळ हात, ८०० नं हलकं घासून रंग, मग क्लिअर (वरचा पारदर्शक चकाकीचा थर). पीपीवर साधा प्रायमर टिकत नाही, पापुद्रे निघतात, त्यासाठी प्लॅस्टिक प्रायमर वेगळा मागा. वेळ मात्र निवडून घ्या. मे महिन्याच्या दुपारी, पारा ४५ च्या घरात असताना, स्प्रेचा रंग हवेतच वाळते आणि पॅनलवर वाळूसारखा खरखरीत बसते, श्रावणात दमट हवेनं रंगावर पांढुरकी साय येते. दिवाळीनंतरची सकाळ, दव उडाल्यावर नऊ-दहाची, यासाठी सगळ्यात चांगली, फक्त शेजारच्या वावरात सोयाबीन काढणं चालू नसलं पाहिजे, नाहीतर भुसा ओल्या रंगावर बसते. रंग करायचा कंटाळा असेल तरी जोडलेली जागा उघडी ठेवू नका, एबीएसला ऊन सोसत नाही, रंगाच्या थराखाली ते वाचते, उघडं पडलं की वर्षा-दोन वर्षात ठिसूळ होते.

कधी जोडू नये

पुढचा मडगार्ड प्लॅस्टिकचा असेल (लोहचुंबक लावून बघा) आणि तडा बोल्टाच्या भोकाजवळ असेल तर तो जोडत बसू नका भाऊ, बदला. साइड पॅनल पडलं तर रस्त्यावर पडते, पुढचा मडगार्ड सुटला तर चाकात अडकते आणि चालत्या गाडीवरून माणूस समोर फेकल्या जाते. तसंच हेल्मेटचं. बऱ्याच हेल्मेटचं वरचं कवच एबीएसचंच राहते, म्हणून कोणाला वाटेल तेही असंच जोडावं, पण तडकलेलं हेल्मेट म्हणजे त्याचं काम होऊन गेलं, ते फेकाच. आणि पॅनल जागोजागी पांढुरकं पडत असेल, नखानं कोपरा मोडत असेल, तर प्लॅस्टिकच संपलं आहे, एक तडा जोडाल तर बाजूला दुसरा उभा राहील.

नवं घेताना जुनं पॅनल पिशवीत घालून दुकानात न्या. नुसतं गाडीचं नाव सांगून चालत नाही, स्प्लेंडर १९९४ पासून आहे, पॅशन आणि पल्सर २००१ पासून, मधल्या काळात एकाच नावाखाली खुंट्यांच्या जागा आणि आकार बदलत गेले. जुन्याच्या आतल्या बाजूला पार्ट नंबर असेल तर तो दाखवा. दुकानातच दोन्ही पॅनल पाठीला पाठ लावून खुंट्या आणि भोकं जुळवा. लोकल माल स्वस्त पडते आणि मी तो पण वापरतो, पण आधी हातात वजन घेऊन पाहतो, कडेची जाडी जुन्याशी ताडून पाहतो आणि खुंटीच्या बुडाला आडव्या पट्ट्या आहेत का पाहतो, नसतील तर तो ठेवून देतो. कबाडीतून कंपनीचं जुनं पॅनल मिळालं तर रंग उडालेला असला तरी चालेल, खुंट्या शाबूत पाहिजे. आणि नवं पॅनल रंगवायच्या आधी एकदा गाडीवर बसवून बघा, रंगवल्यावर दुकानदार परत घेत नाही.

बसवताना स्क्रू हातानं पूर्ण फिरवा, मग पेचकसानं फक्त अर्धा फेरा. सगळे स्क्रू आधी सैल लावा, पॅनल आपल्या जागी बसू द्या, मग एकेक आवळा. पॅनल जोर लावून ओढून भोकावर आणावं लागत असेल तर आतला ब्रॅकेट वाकला आहे, आधी तो सरळ करा, नाहीतर पॅनल उभ्या गाडीवर ताणातच राहील. धुताना डिझेल किंवा रॉकेल मारून चमकवून घ्यायची सवय असेल तर पॅनलवर ते मारू देऊ नका, ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, या दोन्ही गोष्टी एबीएसला आतून चिरत नेतात. दुधाच्या कॅन लटकवत असाल तर कॅन आणि पॅनलच्या मधे जुन्या टायरचा तुकडा बांधा, आणि मागं बसणारं लेकरू पाय पॅनलवर टेकवते का तेही बघा.

पहिल्या आठवड्यात एकदा कच्च्या रस्त्यानं जाऊन या, गाडी उभी करून पॅनल तळहातानं दाबा, आवाज आला तर कुठलं तरी रबर नीट बसलं नाही. पुढं दर वेळी चेन आवळायला बसाल तेव्हा पॅनलवर पण एक थाप मारून पाहायची.